'मॅन' म्हणजे नेमकं कोण?

ज्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही अशा आपल्या आयाबायांनाही एक इंग्रजी शब्द चांगला येतो. तो म्हणजे 'मॅन'. हा शब्द आपल्याकडे सुटा येत नाही, दुसऱ्या शब्दाच्या शेपटाला बांधून येतो, आणि आपल्या तोंडात त्याचा 'मन' होतो. पोस्टमन, वायरमन, लाइनमन, वॉचमन, गँगमन, चेअरमन. (मनमाडमधला 'मन' मात्र यातला नाही.) शिर्डीत राहणाऱ्या माणसाला दिवसातून दहा वेळा तरी यातला एखादा शब्द बोलावा लागतो. लॉजच्या दारात वॉचमन, लाइट गेली की वायरमन, पतसंस्थेत कर्ज पाहिजे असेल तर चेअरमन. आपल्या नगर जिल्ह्यात, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, या शेवटच्या शब्दाचा दरारा काय सांगावा! १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून 'चेअरमन' म्हटलं की लोक उठून उभे राहतात.

माझे सासरे पुणतांब्याच्या बाजूला रेल्वेत गँगमन होते. दौंड-मनमाड लाइनीवर त्यांनी आयुष्यभर खडी भरली, फिशप्लेटी आवळल्या, उन्हातान्हात पहारीनं रूळ सरळ केले. काम हाडं मोडणारं होतं. पण ते शब्द उच्चारायचे तो अभिमानानं. "मी गँगमन हाये," असं म्हणायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं नवल वाटायचं, की खडी भरणाऱ्याला एवढा कसला मान? पुढं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उलगडून सांगितलं. सासऱ्यांच्या वडिलांना गावात नाव नव्हतं. म्हणजे नाव होतं, पण ते घरात. गावात पाटलापासून पोरासोरापर्यंत सगळे त्यांना जातीच्या नावानंच हाक मारायचे. ते मेलेलं जनावर ओढायचे म्हणून ती हाक नव्हती, ते त्या पोटी जन्मले म्हणून होती. झोपेत असले तरी तेच, आजारी असले तरी तेच. सासऱ्यांना रेल्वेनं जो शब्द दिला तो कामाचा होता. काम सुरू झालं तेव्हा लागला, रिटायर झाले तेव्हा सुटला. त्याच टोळीत मराठा होता, मुसलमान होता, माळी होता, सगळे गँगमनच. या इंग्रजी शब्दानं आपल्या एका अख्ख्या पिढीला जातीच्या नावाखालून बाहेर काढलं, हे त्याचे उपकार मी मानते. रेल्वेनं पुढं त्या पदाला ट्रॅकमन, ट्रॅक मेंटेनर अशी नावं दिली, पण आमच्या घरात अजून गँगमनच चालतं.

आता माझं सांगते. मी वॉचमन आहे. होय, बाई असून वॉचमन! शिर्डीत येणाऱ्यांची गर्दी दरवर्षी वाढतेच आहे. २००९ साली गावात रेल्वे आली, २०१७ साली विमान उतरलं, २०२२ च्या डिसेंबरात नागपूरहून समृद्धी महामार्ग इथपर्यंत खुला झाला. एवढ्या लोकांना उतरायला लॉजेस, लॉजला पार्किंग, पार्किंगला पहारा. बायामाणसांच्या पिशव्या तपासायला बाई लागते, म्हणून आमच्यासारख्यांना काम मिळालं. ड्रेस आहे, शिट्टी आहे, टोपी आहे. लोक "वॉचमन बाई" म्हणतात. माझ्या पुतण्याला फार हसू येतं. म्हणतो, "काकू, वॉचमन म्हणजे पहारा देणारा पुरुष, मग तुम्ही वॉचमन बाई कशा?" मी म्हटलं, "अरे बाबा, पतसंस्थेत चेअरमन बाई चालते, मग दारात वॉचमन बाई का चालू नये?"

आम्ही सगळे कंत्राटदाराची माणसं. त्याच्या कागदावर सगळ्यात वर छापलेलं असतं 'मॅनपॉवर', खाली आकडा. त्या आकड्यात झाडणाऱ्या बाया आहेत, भांडी घासणाऱ्या आहेत, मी आहे. बारापैकी सात बाया, पण कागदावर बाराच्या बारा 'मॅन'. आठ तास भरले की एक 'मॅन-डे'. पाळीच्या दिवसांत कंबर धरून उभी राहिले तरी तो मॅन-डेच. एक गोष्ट मात्र ध्यानात आली. मोजायची वेळ येते तेव्हा बाई 'मॅन'मध्ये धरली जाते, आणि सुपरवायझर करायची वेळ येते तेव्हा "तिथं मॅनच पाहिजे" असं उत्तर मिळतं. एकाच कंत्राटदाराच्या तोंडी एकाच दिवशी शब्दाचे दोन अर्थ!

माझी थोरली मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झाली. घरातली पहिली पदवीधर. तिला मी हा घोळ विचारला, तर तिनं कॉलेजात शिकलेलं सांगितलं ते मला इतकं आवडलं की इथं लिहिल्यावाचून राहवत नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'मॅन' म्हणजे पुरुष नव्हेच. 'मॅन' म्हणजे माणूस, बाई असो की बुवा. पुरुषाला वेगळा शब्द होता, 'वेर'. बाईला वेगळा, 'वीफ'. आणि बाईसाठी 'वीफ' आणि 'मॅन' यांची सांगड घालून आणखी एक शब्द होता, 'वीफमन'. तोच झिजून झिजून आजचा 'वूमन' झाला. पुरुषाचा 'वेर' काळाच्या ओघात मरून गेला, आणि पुरुष सगळ्यांच्या सामाईक घरात, म्हणजे 'मॅन' या शब्दात, येऊन बसला. घर दोघांचं होतं, पाटी एकाची लागली. असं शब्दांतही होतं, सातबाऱ्यावरही होतं.

ती हे सांगत होती आणि आत्याबाई ज्वारी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "वीफमन म्हंजी आपलं बाईमाणूसच की गं!" मुलगी चकित झाली. खरंच, तंतोतंत तीच जोडणी. बाई अधिक माणूस. समुद्रापलीकडच्या लोकांनी आणि आपण एकमेकांना न विचारता एकसारखा शब्द घडवला.

आणि घोळही एकसारखाच घातला. आपल्या मराठीत 'माणूस' म्हणजे सगळेच. म्हातारं माणूस, आजारी माणूस, पाहुणं माणूस, यात बाई-बुवा कोणीही येतं. पण शेतावर जा. मालक म्हणतो, "उद्या कांद्याला चार माणसं आन् सहा बाया लावा." इथं बाया माणसांत नाहीत. मजुरीही वेगळी, माणसाची वेगळी आणि बाईची वेगळी, आणि वाकून काम बाईचं जास्त. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीच झाला होता, पण तो कांद्याच्या वाफ्यापर्यंत पोचताना वाटेतच बसून राहिला. घरातही पाहा. "तिचा माणूस वारला" म्हणजे नवरा वारला. "त्याचं माणूस वारलं" असं बायकोबद्दल कोणी म्हणत नाही, तेव्हा 'कुटुंब' वारतं. आमच्याकडे नवऱ्याला 'मालक' म्हणायची पद्धत अजून गेलेली नाही. शिर्डीच्या भिंतीभिंतीवर मालक एकच असल्याचं लिहिलेलं आहे, पण घराघरात प्रत्येकीचा मालक वेगळा! आपण बौद्ध झालो, देव सोडले, पण हा एक मालक काही सुटला नाही. असो. हे वाचून आमचे 'हे' दोन दिवस बोलणार नाहीत.

कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलं आहे तेही मुलीनं शोधलं. १८९७ चा एक जुना कायदा आहे, सर्व कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ लावण्याचा. त्यात म्हटलं आहे की कायद्यात पुरुषवाचक शब्द आला तर त्यात स्त्रिया धराव्यात. दुसरीकडे इंग्रजांच्या दंडसंहितेत 'मॅन' म्हणजे कोणत्याही वयाचा नर, 'वूमन' म्हणजे कोणत्याही वयाची मादी, अशी चोख व्याख्या होती, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. म्हणजे दिवसभराचं नुसतं अर्भक असलं तरी कायद्यानं ते 'मॅन' किंवा 'वूमन'. आणि राज्यघटना? तिनं हा घोळच टाळला. उद्देशिकेची सुरुवात होते ती 'लोक' या शब्दानं. मूलभूत हक्क दिले ते 'व्यक्ती'ला आणि 'नागरिका'ला. 'लोक' म्हटलं की कोणी बाहेर राहत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जे शेवटचं मोठं भाषण केलं त्यात मात्र 'मॅन' शब्द आहे. एक माणूस एक मत, एक मत एक मूल्य, हे तत्त्व राजकारणात आपण मान्य करतो आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात एका माणसाला एक मूल्य आपण नाकारतो, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना विषमता सोसावी लागते ते लोकशाहीचा डोलारा उलथवून टाकतील, असा त्या इशाऱ्याचा आशय. शब्द 'मॅन' असला तरी त्यात बाई पूर्णपणे होती, कारण पहिल्याच निवडणुकीत एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीला मत मिळालं, पुरुषाच्या बरोबरीनं. स्वित्झर्लंडसारख्या देशात देशपातळीवरच्या मतासाठी बायांना १९७१ पर्यंत थांबावं लागलं. आपल्या भारतीय आज्जीनं मत दिलं तेव्हा तिला सही येत नव्हती, पण 'एक माणूस' म्हणून तिची मोजदाद झाली.

त्याच संविधान सभेत पंधरा स्त्रिया होत्या. त्यांपैकी हंसा मेहता या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावरही भारताच्या प्रतिनिधी होत्या. तिथं जगाच्या मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिण्याचं काम चाललं होतं. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व मॅन' जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असं होतं. थोरथोर मंडळी म्हणाली, 'मॅन'मध्ये बाया येतातच की! हंसाबाई अडून बसल्या. त्यांचं म्हणणं असं, की काही देश या शब्दाचा सोयीचा अर्थ काढतील आणि बायांना बाहेर ठेवतील. शेवटी 'सर्व मानव' या अर्थाचे शब्द घातले गेले आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा तसाच मंजूर झाला. माझ्या कंत्राटदाराचा हिशेब त्या बाईंनी इतक्या वर्षांपूर्वी ओळखला होता म्हणायचा!

आता जरा अवघड मुद्द्याकडे येते. मागच्या वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चाललं होतं. वाचन संपल्यावर प्रश्न विचारायची पद्धत आहे. एका तरुणानं विचारलं, "मनुष्य, मानव, माणूस हे सगळे शब्द मनूपासून आले म्हणतात. मग २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ज्याची स्मृती जाळली त्याचंच नाव आपण रोज तोंडात घ्यायचं का? हा शब्द टाकून द्यायला पाहिजे." सभेत शांतता झाली. प्रश्न खोटा नव्हता. संस्कृत व्याकरणात 'मनुष्य'चा अर्थ मनूची संतती असाच लावलेला आहे. इतकंच काय, इंग्रजीतला 'मॅन' हासुद्धा त्या 'मनु' शब्दाचाच दूरचा भाऊबंद असल्याचं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे विलायतेत गेलं तरी सुटका नाही!

बौद्धाचार्यांनी शांतपणे उत्तर दिलं. ते म्हणाले, तथागतांच्या भाषेत, पालीत, शब्द आहे 'मनुस्स'. आपला 'माणूस' त्याच्या किती जवळ आहे ते उच्चारूनच बघा. पालीतल्या जुन्या अट्ठकथांनी त्याचा खुलासा असा केला आहे, की ज्यांचं मन वाढलेलं, उन्नत झालेलं आहे ते मनुस्स. मनूची अपत्यं हा पूर्वापार चालत आलेला खुलासाही तिथं नोंदवला आहे, तो लपवायचं कारण नाही. पण धम्मानं जोर कशावर दिला? मनावर. काही विद्वानही 'मन्' म्हणजे विचार करणे या धातूशी या शब्दांचं नातं लावतात, काहींना ते पटत नाही. तो वाद विद्वानांनी घालावा. आपण शब्द टाकून द्यायचा नाही, त्यावरचा दुसऱ्याचा ताबा काढून घ्यायचा.

मला स्वतःला त्यांचं हे उत्तर पटलं. त्या तरुणाला पूर्ण पटलं नाही, आणि न पटलेलं त्यानं तोंडावर सांगितलं, हेही मला बरं वाटलं.

त्याच ओघात त्यांनी सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्ताची गोष्ट सांगितली. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद लागला, की माणूस श्रेष्ठ ठरतो तो जन्मानं की कर्मानं. मिटेना म्हणून ते तथागतांकडे गेले. तथागतांनी आधी गवत आणि झाडं दाखवली, मग किडेमुंग्या, चार पायांची जनावरं, साप, मासे, पाखरं. म्हणाले, यांच्यात जातीजातीच्या वेगवेगळ्या खुणा जन्मतःच दिसतात. माणसांत तशी खूण दाखवा पाहू. केसात आहे का, डोक्यात आहे का, कानात, डोळ्यात, ओठात, हातापायात आहे का? कुठंच नाही. माणसामाणसांतला फरक हा नुसता नावाचा, व्यवहाराचा. जो गुरं राखून आणि शेती करून जगतो तो शेतकरी, जो कारागिरीवर जगतो तो कारागीर, जो दुसऱ्याची चाकरी करतो तो चाकर. मी ऐकत होते आणि मला माझे सासरे आठवत होते. रूळ सांभाळतो तो गँगमन. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशात रेल्वेच्या हजेरीपटाचा न्याय होता!

आपल्या वस्तीत एक वाक्य तुम्ही हजारदा ऐकलं असेल: "बाबासाहेबांनी आम्हाला माणसात आणलं." जयंतीच्या भाषणात असतं, लग्नात असतं, मयतीतही असतं. पूर्वी हे वाक्य मला थोडं टोचायचं. आम्ही आधी माणसं नव्हतो की काय? एकदा आत्याबाईंना हे बोलले तर त्या म्हणाल्या, "आपुन व्हतोच गं. त्यांच्या हिशेबात नव्हतो." यापेक्षा चांगला खुलासा मला अजून कोणी केलेला नाही. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, आपण नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यालं ते तहानेसाठी नव्हतं. हिशेबात नाव घालण्यासाठी होतं.

आणि हिशेबातून नाव खोडणारे अजून आहेत. दुसरीकडे कुठं नाही, याच शिर्डीत, मे २०१५ मध्ये, लग्नासाठी आलेल्या, नर्सिंग शिकणाऱ्या एका बौद्ध तरुणाच्या मोबाईलवर भीमगीत वाजलं. त्यावरून त्याला मारहाण झाली आणि जीव घेतला गेला. रोग्याची सेवा शिकणारं पोर! त्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या आयांनी आपापल्या मुलांचे मोबाईल तपासले होते. काहींनी गाणी काढून टाकायला लावली. माझ्या मुलीनं काढलं नाही. मी तिला काढ म्हटलं नाही, पण ती घरी येईपर्यंत दारात उभी राहायची, हेही खरं.

'माणूस' हा शब्द पाटीवर लिहून रस्त्यावर उतरावं लागलं अशी एक गोष्ट अमेरिकेतही घडली आहे. ती सफाई कामगारांची आहे, म्हणून आपण सगळ्यांनी मुलांना सांगितली पाहिजे. मेम्फिस नावाचं शहर. तिथं कचरा उचलणारे बहुतेक सगळे काळे लोक. पन्नाशीच्या बाप्यालाही गोरे 'बॉय' म्हणजे 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारायचे. आपल्याकडच्या अरेतुरेचाच तो सख्खा भाऊ. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसात कचऱ्याच्या गाडीच्या आडोशाला उभे राहिलेले दोन कामगार त्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर पगाराचा आकडा नव्हता. फक्त चार शब्द: 'आय ॲम अ मॅन'. त्यांना पाठिंबा द्यायला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आले आणि ४ एप्रिलला त्याच शहरात त्यांना गोळी घातली गेली. पुढं संप मिटला, युनियनला मान्यता मिळाली.

मी मुलीला विचारलं, या पाटीचं मराठी काय? ती म्हणाली, 'मी माणूस आहे'. मग स्वतःच म्हणाली, "आई, मराठीतली पाटी बाईसुद्धा गळ्यात घालू शकते. इंग्रजीतली घातली असती तर लोक हसले असते." इथं आपली भाषा इंग्रजीपेक्षा मोठ्या मनाची निघाली. कांद्याच्या वाफ्यावर लहान मनाची, पाटीवर मोठ्या मनाची.

आणि आता तो शब्द, ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले. मॅनहोल. माणसाचं भोक. माणूस आत उतरावा म्हणून केलेलं म्हणून तसं नाव. आपल्याकडे लोक त्याला 'चेंबर' म्हणतात, तरी कामाच्या कागदावर मॅनहोलच असतं. अमेरिकेतल्या बर्कली शहरानं २०१९ साली ठरवलं, की या शब्दात फक्त पुरुष येतो म्हणून तो बदलून 'देखभालीचं भोक' म्हणायचं. चांगलं आहे. पण आपल्यापुढचा प्रश्न तो नाही. आपल्या देशात या शब्दातला 'मॅन' कोणत्या वस्तीतून येतो, हा आहे. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी सांगितलं, की यापुढं मॅनहोलचं मशीनहोल होईल, गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाऐवजी यंत्र उतरेल. शब्द ऐकायला छान वाटला.

कायदे तर आधीपासून आहेत. १९९३ चा एक, २०१३ चा दुसरा. दुसरा अमलात आला तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाणदिनी. तो फक्त सरकारी गटारांसाठी आहे असं लोकांना वाटतं, तसं नाही. खाजगी माणसानं, म्हणजे लॉजवाल्यानं, सोसायटीनं, कंत्राटदारानंसुद्धा सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणाला गटारात किंवा टाकीत उतरवलं तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१४ रोजी असं मरण आलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख देण्याचा आदेश दिला, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम तीस लाख केली. वस्तीतल्या प्रत्येकानं हे आकडे पाठ करून ठेवावेत.

टाकीचं आमंत्रण किती विषारी असतं ते आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासा तालुक्यात सोनईला मेहतर समाजाच्या तीन तरुणांची हत्या झाली. त्यांना बोलावलं होतं ते सेप्टिक टँक साफ करायच्या निमित्तानं. मूळ राग होता जातीबाहेरच्या प्रेमाचा. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. टाकी साफ करायला बोलावलं तर जावंच लागतं, हे मारणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. एक लॉजवाला मोटारसायकलवर आमच्या वस्तीत आला. गाडी बंद न करताच म्हणाला, "दोन माणसं पाहिजेत. टाकीला. दोन तासांचं काम, रोख पैसे." माझे धाकटे दीर तेव्हा तीन महिने घरी बसून होते. ते उठलेच. मुलगी आत भाकरी करत होती, ती पिठाच्या हातानं बाहेर आली. "मैल्याची गाडी कुठंय?" तिनं विचारलं. तो म्हणाला, गाडी त्या गल्लीत शिरत नाही, आणि तळाचा थोडाच गाळ राहिला आहे. ती म्हणाली, "तळाशीच हवा मारते, काका. बादली सोडून बघा, दोर सोडून बघा, माणूस नाही सोडायचा." दीर मला म्हणाले, "वहिनी, पोरगी काय बोलती? घरात पीठ कोण आणणार?" मी म्हटलं, "पीठ मी आणते भाऊजी, तुम्ही खाली बसा." ते बसले, पण आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. लॉजवाला दुसरीकडे गेला. बाहेरगावची दोन पोरं त्याला मिळाली, टाकीत उतरली, आणि त्या दिवशी वर आली. वर आली म्हणून आमच्याच वस्तीत काही जण म्हणाले, "बघा, उगाच घाबरवलं. पाचशे-पाचशे गेले."

त्या रविवारी विहारात बायांची बैठक झाली. गल्लीत शिरेल अशी लहान मैलागाडी गावाला मिळावी, असा अर्ज करायचं ठरलं. अर्ज माझ्या मुलीनं लिहिला. मॅनहोल लिहायचं की चेंबर यावर बराच वेळ गेला. एकीचं म्हणणं, साहेबांना इंग्रजी शब्द लवकर कळतो. आत्याबाई म्हणाल्या, "त्या शब्दात मानूस हाये ना? मग नगं." चेंबर लिहिलं. खाली एकतीस जणींच्या सह्या आणि अंगठे घेतले आणि संबंधित कार्यालयात देऊन पोच घेतली. पोचेची प्रत विहाराच्या कपाटात ठेवली आहे. दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदना झाली की दोघी जणी जाऊन त्या अर्जाचं काय झालं ते विचारून येतात. या महिन्याची पाळी माझी आणि आत्याबाईंची आहे.